रापण्याचं इंजेक्शन

टूसॉन हे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं वाळवंटी शहर. वर्षातले बहुतेक दिवस तिथे आभाळ निरभ्र असतं आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तरेकडच्या थंड राज्यांतून हजारो कुटुंबं इथे येऊन स्थायिक झाली. कुणी नोकरीसाठी आलं, कुणी निवृत्तीनंतरचे दिवस उबेत काढायला. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज आयर्लंड, जर्मनी, स्वीडन अशा ढगाळ मुलखातले. या उन्हाला तोंड देण्याची ताकद त्यांच्या कातडीत नव्हती. त्वचेच्या कर्करोगाचे रुग्ण इथल्या दवाखान्यांत नेहमीचेच झाले.

याच शहरातल्या ॲरिझोना विद्यापीठात १९८० साली एक कृत्रिम हार्मोन तयार झालं. ऊन लागण्याआधीच माणसाची त्वचा आतून सावळी करायची, म्हणजे पुढे लागणाऱ्या उन्हाचा मार थोडा तरी सौम्य होईल, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगली होती आणि ती मांडणारे शास्त्रज्ञही गंभीर वृत्तीचे होते. पण ज्या रुग्णांना या औषधाची सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्यापर्यंत ते रीतसर पोचायला २०१४ साल उजाडलं. तोवर त्याच शोधातून निघालेला दुसरा रेणू इंटरनेटवर सर्रास विकला जात होता, आणि धडधाकट तरुण मुलंमुली तो पोटाच्या कातडीत टोचून घेत होती. उन्हापासून वाचवण्यासाठी काढलेलं औषध अधिक ऊन अंगावर घेण्याचं साधन कसं बनलं, हे समजून घ्यायचं तर आधी गोऱ्या कातडीला सावळं व्हावंसं का वाटू लागलं, तिथपासून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडे मुलीला अजूनही सांगितलं जातं, 'उन्हात फिरू नकोस, काळवंडशील.' गोरेपणाचं क्रीम १९७५ पासून आपल्या बाजारात आहे आणि त्याची विक्री कधी थांबलेली नाही. युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत हेच चालत होतं. शेतात राबणाऱ्याची कातडी रापलेली, हवेलीत बसणाऱ्याची पांढरी. वरच्या घरातल्या बायका छत्री आणि हातमोज्यांशिवाय बाहेर पडत नसत. मग कारखाने आले, खाणी आल्या. कष्टकरी माणूस शेतातून उठून धुराने कोंदलेल्या वस्तीत गेला, आणि ऊनच न मिळाल्याने त्याची मुलं मुडदुसाने वाकड्या पायांची होऊ लागली. आता पांढरी कातडी गरिबीची खूण ठरली. ज्याला सुट्टी मिळते, समुद्रावर जाता येतं, त्याची कातडी रापलेली दिसू लागली.

वैद्यकानेही याला हातभार लावला. डेन्मार्कच्या नील्स फिन्सन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार शोधल्याबद्दल १९०३ साली नोबेल मिळालं. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधल्या लेझाँ या डोंगरगावात ऑग्युस्त रोलिए क्षयाच्या रुग्णांना सज्जांवर उघड्या अंगाने उन्हात झोपवू लागले. ऊन म्हणजे आरोग्य, हे समीकरण तिथून घट्ट झालं. १९२० च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सुट्टी घालवणाऱ्या श्रीमंतांनी त्याला फॅशनचं रूप दिलं. फॅशनच्या दुनियेतल्या कोको शनेलचं नाव या बदलाशी कायमचं जोडलं गेलं आहे, आणि जाँ पातू या फॅशनच्या पेढीने रापण्यासाठी अंगाला लावायचं तेलही बाजारात आणलं. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त विमानं आणि सहलींची पॅकेजेस आली, तशी इंग्लंड-जर्मनीतल्या कारकुनांना आणि कामगारांनाही स्पेनचा किनारा परवडू लागला. सुट्टीवरून परतल्यावर ऑफिसात रंग दाखवायचा, ही रीतच पडली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अतिनील दिव्यांचे सनबेड आले आणि समुद्रावर जाण्याचीही गरज उरली नाही.

या हौसेची किंमत हळूहळू दिसू लागली. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक होतं. तिथे १९८१ साली एका सेवाभावी संस्थेने सदरा घाला, क्रीम लावा, टोपी घाला, असा प्रचार सुरू केला. पण फॅशन उपदेशाने उलटत नाही. म्हणून उन्हाशिवाय रंग मिळेल असं काहीतरी शोधण्याची कल्पना डॉक्टरांनाही पटत होती आणि व्यापाऱ्यांनाही.

या शोधाची सुरुवात बेडकांपासून झाली. त्याआधीचा एक धागा मात्र माणसाच्या आजाराचा आहे. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली एका आजाराचं वर्णन केलं. त्यात रुग्ण खंगत जातो आणि त्याचबरोबर त्याची त्वचा विचित्रपणे काळपट होत जाते. म्हणजे रंगाचा शरीरातल्या ग्रंथींशी काही संबंध असावा. १९१६ साली अमेरिकेत फिलिप स्मिथ आणि बेनेट ॲलन या दोघांनी स्वतंत्रपणे बेडकाच्या पिल्लांच्या मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी काढून टाकली, तेव्हा काळी पिल्लं चंदेरी-फिकट झाली. पुढे ब्रिटनमध्ये लॅन्सलॉट हॉगबेन यांनी उलट बाजूने पाहिलं. त्या ग्रंथीचा अर्क टोचला की फिकट बेडूक गडद होत. त्या काळी हार्मोन मोजण्याची यंत्रं नव्हती, त्यामुळे बेडकाची कातडी हेच मोजण्याचं साधन झालं.

पुढचं मोठं काम ॲरन लर्नर यांचं. हे त्वचारोगतज्ज्ञ, आधी ओरेगन आणि मग येल विद्यापीठात. त्यांना खरी ओढ होती ती कोडाचं कोडं सोडवण्याची. त्यांच्या गटाने १९५५ साली डुकरांच्या पिट्यूटरी ग्रंथींमधून रंग गडद करणारं हार्मोन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. १९५७ साली त्याची रचना उलगडली: तेरा अमिनो आम्लांची एक साखळी, अल्फा-एमएसएच. रंग फिका करणाऱ्या पदार्थाच्या शोधात त्यांनी गाईंच्या असंख्य पिनियल ग्रंथी वाटल्या आणि १९५८ साली मेलाटोनिन हाती लागलं. आज झोप यावी म्हणून लोक ज्या गोळ्या घेतात, तेच हे. कोडाच्या शोधात निघालेल्या माणसाला झोपेचं हार्मोन सापडावं, हे विज्ञानात फार वेळा घडतं. १९६१ साली लर्नर आणि त्यांचे सहकारी जोसेफ मॅग्वायर यांनी अल्फा-एमएसएच माणसांना टोचून पाहिलं. त्वचा गडद झाली आणि इंजेक्शनं थांबवल्यावर पुन्हा उतरली. माणसाचा रंग बाहेरून टोचलेल्या हार्मोनने बदलतो, हे त्या दिवसांत सिद्ध झालं. पण शरीरातली रसायनं ही साखळी काही मिनिटांतच तोडून टाकत. औषध म्हणून ते परवडणारं नव्हतं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती, आणि ती आपल्या घराजवळची आहे. आयुर्वेदात कोडावर बावची पूर्वापार वापरली जाते. बावचीत सोरालेन गटाची द्रव्यं असतात. ती त्वचेला प्रकाशासाठी जास्त संवेदनशील बनवतात. इजिप्तमध्ये अब्देल मोनेम एल-मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात याच गटाचं द्रव्य एका रानटी वनस्पतीतून घेऊन कोडाच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. ते अमेरिकेत पोचल्यावर तिथल्या वर्तमानपत्रांना मात्र त्यात 'रापण्याची गोळी' दिसली. खरं तर त्या गोळीने ऊन टळत नव्हतं, उलट ते जास्त लागत होतं. रुग्णासाठी शोधलेल्या उपचारावर निरोगी माणसांची नजर आधी पडते, हा प्रकार पुढे आणखी मोठ्या प्रमाणात झाला.

टूसॉनच्या प्रयोगशाळेत दोन माणसं महत्त्वाची. मॅक हॅडली हे जीवशास्त्रज्ञ, बेडूक आणि सरड्यांच्या रंगबदलावर आयुष्य घालवलेले. व्हिक्टर ह्रुबी हे पेप्टाइडचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे चाचणीची एक साधी पद्धत होती. बेडकाच्या किंवा ॲनोलिस नावाच्या हिरव्या अमेरिकी सरड्याच्या कातडीचा तुकडा कड्यावर ताणून बसवायचा, द्रावणात ठेवायचा, त्यावर प्रकाश सोडायचा आणि परत किती प्रकाश येतो ते मोजायचं. हार्मोन टाकलं की रंगपेशींमधले मेलॅनिनचे कण पसरतात, कातडी काळी पडते आणि परत येणारा प्रकाश घटतो. हार्मोन धुऊन टाकलं की कातडी हळूहळू पुन्हा उजळते. जुन्या संशोधकांना एक चमत्कारिक गोष्ट माहीत होती: पिट्यूटरीचा अर्क अल्कलीत उकळून घेतला की त्याचा परिणाम कितीतरी जास्त वेळ टिकतो. का टिकतो, ते कुणाला कळत नव्हतं. टूसॉनच्या गटाने उकळलेल्या हार्मोनचं विश्लेषण केलं तेव्हा दिसलं की साखळीतल्या सातव्या जागेवरचं अमिनो आम्ल आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं झालं आहे. तोडणारी रसायनं त्या उलट्या सांध्याला ओळखत नाहीत. मग त्यांनी मुद्दामच तशी साखळी बांधली. सातव्या जागी उलटं फेनिलॲलॅनिन आणि चौथ्या जागी हवेने खराब न होणारं नॉरल्युसिन. १९८० साली हा शोधनिबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. नव्या रेणूचा परिणाम हार्मोन धुऊन टाकल्यावरही टिकून राही. त्याला मेलॅनोटॅन हे नाव मिळालं. दुसरा रेणू आल्यावर हा पहिला मेलॅनोटॅन-१ म्हणून ओळखला जाऊ लागला.

माणूस रापतो म्हणजे आत काय होतं, हे इथे सांगायला हवं. अतिनील किरण त्वचेच्या पेशींमधल्या डीएनएला इजा करतात. ती इजा झाली की पेशी अल्फा-एमएसएच सोडते. ते शेजारच्या रंगपेशीवरच्या विशिष्ट ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं आणि रंगपेशी तपकिरी-काळं मेलॅनिन बनवायला लागते. म्हणजे रापलेली त्वचा ही इजा होऊन गेल्याची खूण असते. हार्मोन बाहेरून दिलं तर इजेची पायरी गाळून थेट रंग मिळेल, हाच टूसॉनचा विचार. पण या रंगाच्या संरक्षणाला मर्यादा आहे. गोऱ्या माणसाच्या रापलेल्या त्वचेचं संरक्षण सनस्क्रीनच्या भाषेत साधारण ३ किंवा ४ अंकांइतकंच भरतं. पुढे जे विक्रेते आले त्यांनी ही मर्यादा कधीच सांगितली नाही.

माणसांवरचा पहिला महत्त्वाचा अहवाल १९९१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. नॉर्मन लेव्हिन, रॉबर्ट डॉर आणि सहकाऱ्यांनी गोऱ्या पुरुष स्वयंसेवकांना कातडीखाली इंजेक्शनं दिली होती. चेहरा, मान आणि वरचं अंग गडद झालं, आणि इंजेक्शनं संपल्यावरही तो रंग काही आठवडे टिकला. चेहरा लाल होणं, थोडी मळमळ, एवढाच त्रास नोंदला गेला.

दरम्यान ह्रुबी आणि फहद अल-ओबैदी यांनी साखळी आणखी आखूड केली, दोन टोकं जोडून तिचं कडं बनवलं. सात अमिनो आम्लांचं हे कडं म्हणजे मेलॅनोटॅन-२. ते अधिक प्रभावी होतं, आणि आतापर्यंत न दिसलेला एक परिणाम त्यात होता. तो आधी हॅडली यांनीच अनुभवला. त्यांनी स्वतःला हे औषध टोचून घेतलं, पण हिशेबात चूक होऊन मात्रा दुप्पट गेली. लिंगाला आलेला ताठरपणा सुमारे आठ तास उतरला नाही, शिवाय मळमळीने ते बेजार झाले. पुढे २००५ साली एका शोधनिबंधात त्यांनी हा प्रसंग मोकळेपणाने नोंदवला. १९९६ साली डॉर यांनी तीन पुरुषांवर छोटी चाचणी केली, तेव्हाही तेच दिसलं. रंग आला, पण जांभया, आळोखेपिळोखे, मळमळ आणि आपोआप येणारा ताठरपणाही आला.

असं का होतं, याचं उत्तर एव्हाना मिळू लागलं होतं. ओरेगनमध्ये रॉजर कोन यांच्या चमूने १९९२ साली या हार्मोनच्या ग्राहकांची जनुकं वेगळी केली. त्वचेतला ग्राहक हा त्या कुटुंबातला फक्त एक होता. त्याची भावंडं मेंदूत होती आणि ती भूक, लैंगिक उत्तेजना, रक्तदाब अशा गोष्टींशी बांधलेली होती. मेलॅनोटॅन-२ ही सगळी दारं एकदम वाजवत होतं. ज्या औषधाला रंगाखेरीज इतकं काही करता येतं, ते सौंदर्यप्रसाधन म्हणून कुणाच्याही हातात देता येणार नाही, हे त्या चाचण्यांमधूनच उघड झालं होतं. त्यातला लैंगिक धागा पॅलॅटिन या कंपनीने पुढे नेला. नाकात मारायच्या फवाऱ्याने रक्तदाब वाढतो म्हणून तो प्रकार सोडावा लागला, आणि शेवटी २०१९ साली ब्रेमेलॅनोटाइड नावाचं इंजेक्शन स्त्रियांमधल्या कामेच्छेच्या अभावावर अमेरिकेत मंजूर झालं.

मेलॅनोटॅन-१ चे हक्क फिरत फिरत ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एपिटॅन या कंपनीकडे गेले. त्वचेचा कर्करोग सर्वाधिक असलेल्या देशात या औषधाला घर मिळणं साहजिकच होतं. सुरुवातीला कंपनीही गोऱ्या लोकांना सुरक्षितपणे रापवण्याचीच भाषा करत होती. पण निरोगी माणसाच्या हौसेसाठी हार्मोन द्यायला कोणताही नियामक तयार होणार नाही, हे लवकरच स्पष्ट झालं. २००६ साली कंपनीचं नाव क्लिनुव्हेल झालं, औषधाचं नाव अफामेलॅनोटाइड, आणि फिलिप वोल्गेन यांच्या नेतृत्वाखाली तिने सौंदर्याचा बाजार सोडून ज्यांना प्रकाशच सहन होत नाही अशा रुग्णांकडे मोर्चा वळवला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

पण सोडलेल्या बाजारात दुसरेच लोक शिरले. मेलॅनोटॅन-२ ची पूर्ण रचना शास्त्रीय नियतकालिकांत छापलेली होती. रॉबर्ट मेरिफिल्ड यांनी १९६३ साली शोधलेल्या पद्धतीमुळे अमिनो आम्लांची साखळी बांधणं यंत्राचं काम झालं होतं, आणि मागणीनुसार पेप्टाइड बनवून देणाऱ्या प्रयोगशाळा निघाल्या होत्या. सात दुव्यांचं कडं बनवणं त्यांना अवघड नव्हतं. इंटरनेटवर दुकान थाटायला तेवढं पुरेसं होतं. कुपीवर 'फक्त संशोधनासाठी' किंवा 'मानवी वापरासाठी नाही' असं छापलं की विक्रेता आपल्यापुरता कायद्यातून सुटल्याचं समाधान मानत असे.

त्या कुपीत तळाला थोडी पांढरी पावडर असते. विकत घेणारा जंतुरोधक पाण्याची दुसरी बाटली मागवतो, सिरिंजने मोजून पाणी कुपीच्या रबरी बुचातून आत सोडतो, पावडर विरघळेपर्यंत कुपी हलकेच फिरवतो. मग ती फ्रिजमध्ये, दूध-अंड्यांच्या शेजारी. रोज मधुमेहाची बारीक सुई घेऊन पोटाच्या चरबीत टोचायचं. पहिले दिवस 'लोडिंग'चे, नंतर 'मेंटेनन्स'चे. हे शब्द व्यायामशाळांत स्टेरॉइड घेणाऱ्यांकडून आले. शरीरसौष्ठव करणाऱ्या पुरुषांना रंग हवाच असतो, कारण गडद त्वचेवर स्नायू उठून दिसतात, आणि मेलॅनोटॅन-२ च्या इतर परिणामांबद्दलही त्यांची तक्रार नव्हती. तिथून ते सलूनमध्ये, सनबेडच्या दुकानांत आणि मैत्रिणी-मैत्रिणींमध्ये पसरलं. वर्तमानपत्रांनी त्याला 'बार्बी ड्रग' म्हटलं, कारण रंगाबरोबर भूक मरते आणि कामेच्छा वाढते, असं विक्रेते सांगत.

२००८ साली डेन्मार्क आणि ब्रिटनच्या औषध नियामकांनी जाहीर इशारे दिले. २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी सर्वसामान्य लोकांमधला वापर समोर आणला. ज्यांनी कधी कुठलं बेकायदा द्रव्य घेतलेलं नाही अशी माणसंही सुया वापरत होती. सुई एकमेकांत वापरली तर रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा धोका आलाच. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात मँचेस्टरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी इंजेक्शननंतर तीळ बदलल्याचं नोंदवलं. अंगावरचे जुने तीळ गडद झाले होते आणि नवे उगवले होते. अशा अनेक नोंदी पुढे आल्या. काही रुग्णांत मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा सर्वांत घातक कर्करोगही सापडला. डेन्मार्कमधल्या एका तरुणीची नोंद २०१४ साली छापली गेली. इंजेक्शनमुळेच कर्करोग झाला, असं अशा नोंदींवरून ठामपणे म्हणता येत नाही. घेणारे बहुतेक जण आधीच गोरे, तीळ असलेले आणि उन्हाचे शौकीन होते. पण डॉक्टरांपुढची अडचण खरी होती: बदलणारा तीळ हीच मेलॅनोमाची पहिली खूण असते, आणि इथे तर अंगावरचे सगळेच तीळ एकदम बदलत होते.

सर्वांत दुःखद भाग हा की इंजेक्शन घेणाऱ्यांनी ऊन टाळलं नाही. रंग लवकर आणि एकसारखा यावा म्हणून इंजेक्शननंतर सनबेडवर झोपायचा सल्ला त्यांच्यात एकमेकांना दिला जाई. याच काळात, २००९ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सनबेड कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या वर्गात टाकले. टूसॉनला ज्या किरणांपासून माणसाला वाचवायचं होतं, त्यांच्याच खाली औषध टोचून घेतलेला माणूस जाऊन झोपत होता.

कुपीत नेमकं काय आहे, हेही घेणाऱ्याला कळत नव्हतं. डेन्मार्कमध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या कुप्यांचं पृथक्करण झालं, त्याचा अहवाल २०१५ साली आला. लेबलवर १० मिलिग्रॅम लिहिलेल्या कुप्यांमध्ये प्रत्यक्षात ४.३२ ते ८.८४ मिलिग्रॅम द्रव्य होतं आणि ४ ते ६ टक्के अशुद्धी. कुपीगणिक मात्रा दुपटीने बदलते, तिथे घेणाऱ्याचा हिशेब काय उपयोगाचा? अमेरिकेत एकाने एकदम ६ मिलिग्रॅम टोचून घेतलं. धडधड, घाम, प्रचंड अस्वस्थता आणि पाठोपाठ स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण. त्याला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. २०१२ सालची ही नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

या वर्षांत दुसऱ्या वाटेवर काय चाललं होतं? एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया, थोडक्यात ईपीपी, या दुर्मिळ आनुवंशिक आजाराचं वर्णन लंडनमध्ये १९६१ साली झालं. रक्तातलं हीम बनवण्याची शेवटची पायरी नीट होत नाही, आणि प्रकाश शोषणारं एक द्रव्य साठत जातं. अशा माणसाला अतिनीलच काय, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही जाळतो. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही चालत नाही, आणि नेहमीच्या सनस्क्रीनचा उपयोग नाही, कारण त्या हा उजेड अडवत नाहीत. काही मिनिटांतच आग सुरू होते, ती कधी कधी दिवसेंदिवस राहते, आणि वेदनाशामकं हात टेकतात. त्वचेवर बाहेरून फारसं दिसत नाही, त्यामुळे लहानपणी शाळेत या मुलांना नाटकी ठरवलं जातं. ती मुलं सावली धरून जगायला शिकतात.

झुरिकमध्ये एलिझाबेथ मिंडर यांनी २००६ पासून अशा रुग्णांना अफामेलॅनोटाइड द्यायला सुरुवात केली. सुईऐवजी आता दीड-पावणेदोन सेंटिमीटर लांबीची बारीक कांडी कंबरेच्या वर कातडीखाली बसवायची. ती हळूहळू विरघळत १६ मिलिग्रॅम औषध सोडते. त्वचा गडद होते आणि उजेड आत पोचायला अडथळा येतो. इटली आणि स्वित्झर्लंडने विशेष तरतुदींखाली ती आधीच वापरायला दिली. मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापले गेले. युरोपात नऊ महिन्यांत वेदनेविना थेट उन्हात काढलेला वेळ औषध घेणाऱ्यांत मध्यमानाने ६ तास, बनावट कांडी घेणाऱ्यांत ०.८ तास. अमेरिकेत सहा महिन्यांत ६९.४ तास विरुद्ध ४०.८.

नऊ महिन्यांत सहा तास! कागदावर हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण ज्याने आयुष्यभर उजेडाचं भय धरलं, तो चाचणीसाठी म्हणून उन्हात जाऊन उभा राहणार नाही; तसं करायला सांगणंही क्रूरपणाचं ठरलं असतं. युरोपीय औषध संस्थेच्या समितीपुढे हाच पेच होता. सप्टेंबर २०१४ मध्ये या संस्थेने प्रथमच एका औषधाच्या फायद्या-तोट्यांच्या चर्चेत रुग्णांना बोलावलं. ते औषध हेच होतं. तक्त्यात न मावणारी गोष्ट रुग्णांनी समितीला प्रत्यक्ष सांगितली. डिसेंबर २०१४ मध्ये सेनेस या नावाने औषधाला युरोपात विशेष परिस्थितीतला परवाना मिळाला, ८ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेत. बेडकाच्या कातडीवरच्या त्या शोधनिबंधाला तोवर चार दशकं होत आली होती.

एवढा उशीर फक्त नियमांमुळे झाला असं मी म्हणणार नाही. दुर्मिळ आजारात पैसा लावणारे थोडे असतात, आणि पुरावा उभा करायला वेळ लागतोच. तरी हे बोचतं: ईपीपीचे रुग्ण समितीपुढे आपलं दुखणं मांडत होते, त्याआधी कित्येक वर्षं सुट्टीआधी रंग चढवण्यासाठी मेलॅनोटॅन-२ घरपोच मिळत होतं. शिवाय त्या बेकायदा विक्रीने 'मेलॅनोटॅन' हे नावच बदनाम केलं. आपल्या औषधाचा त्या कुप्यांशी संबंध नाही, हे क्लिनुव्हेलला पुन्हा पुन्हा जाहीर करावं लागलं.

लर्नर २००७ साली वारले. त्यांच्या मनातला मूळ प्रश्न, कोड, या औषधाच्या कक्षेत पुन्हा आला आहे. २०१५ साली छापलेल्या एका अमेरिकी चाचणीत अतिनील-बी उपचाराला अफामेलॅनोटाइडची जोड दिली, तेव्हा पांढऱ्या डागांत रंग लवकर परतला, आणि गडद त्वचेच्या रुग्णांत हा फायदा अधिक दिसला. अडचण एवढीच की भोवतालची निरोगी त्वचाही गडद होत गेली. आपल्याकडे कोड असलेल्या माणसाला लग्नापासून पंगतीपर्यंत काय सोसावं लागतं, ते वेगळं सांगायला नको. म्हणून या वाटेकडे आपलं लक्ष असायला हवं.

बेकायदा बाजार मात्र थांबलेला नाही. गेल्या काही वर्षांत मेलॅनोटॅन-२ नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात आलं. सुईची भीती गेली आणि टिकटॉक, इन्स्टाग्रामवर विक्री सुरू झाली. रक्तदाबामुळे औषध कंपनीने जो मार्ग सोडला होता, तोच आता फळांच्या स्वादासह विकला जातो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या नियामकांनी पुन्हा इशारे दिले आहेत. युरोपात सेनेसची कांडी बसवायची तर प्रशिक्षित केंद्रातला डॉक्टर लागतो, दर सहा महिन्यांनी संपूर्ण अंगावरचे तीळ तपासले जातात आणि रुग्णाची नोंद कायमच्या वहीत होते. फवारा घेणाऱ्याची कुठेच नोंद नसते. त्यामुळे युरोपातले त्वचारोगतज्ज्ञ अचानक काळा पडलेला तीळ घेऊन कुणी तरुण समोर बसला, की घराण्यातल्या कर्करोगाबरोबर आणखी एक गोष्ट विचारून घेतात: रापण्यासाठी काही टोचून घेतलंत का, नाकात काही मारलंत का?